जुन्या मोटारीची ओढ

३० ऑक्टोबर २०२३ या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यांवर 'प्रीमियर पद्मिनी' या जातीची टॅक्सी भाड्यानें धांवेनाशी झाली. या जातीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. आणि टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षांची असल्यामुळें तीं वर्षें पुरीं होतांच तिला कायद्यानें निवृत्त व्हावें लागलें. वस्तुतः गोष्ट एवढ्यावर संपावयास हरकत नव्हती. परंतु तसें झालें नाहीं. ज्यांनीं ती गाडी आयुष्यांत कधीं विकत घेतली नव्हती, अशा लोकांनींहि तिच्याविषयीं हळहळ व्यक्त केली. निर्जीव यंत्राचा मनुष्याला एवढा लळा कां लागावा, आणि जुनी मोटार नवीपेक्षां चांगली होती असें जे म्हणतात, त्यांच्या म्हणण्यांत तथ्य किती, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

या गाडीचा वंश मूळचा इटलीचा. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ पासून मोटारी जोडण्यास प्रारंभ झाला. पुढें फियाट कंपनीशीं करार होऊन १९५४ च्या सुमारास 'फियाट ११००' ही गाडी येथें निघूं लागली. मुंबईकर तिला गमतीनें 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ सालीं तिचें सुधारलेलें रूप 'डिलाइट' या नांवानें आलें. १९७४ सालीं त्याच गाडीला चितोडच्या राणीचें नांव मिळालें, आणि २००० सालाच्या सुमारापर्यंत ती थोड्याफार फरकानें तशीच निघत राहिली. एकाच यंत्राची रचना तीस-पस्तीस वर्षें न बदलणें हें मागासलेपणाचें लक्षण खरें. परवान्यांच्या त्या काळांत गिऱ्हाइकाला फारशी निवड नव्हती. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. मग कारखानदारास बदलाची निकड कशी भासावी? परंतु या दोषांतूनच एक गुण निपजला. गाडी बदलत नव्हती, म्हणून तिचें ज्ञान सर्वत्र पसरलें. गल्लीच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री, टॅक्सीवाला आणि रविवारीं सकाळीं बॉनेट उघडून उभा राहणारा गृहस्थ, या तिघांनाहि तिची भाषा येत असे.

ती भाषा होतीहि सोपी. बॉनेट उघडलें म्हणजे १०८९ घन सेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें एंजिन समोर दिसे व त्याच्या भोंवतीं हात घालण्यास जागा असे. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करण्याचें काम कार्ब्युरेटरकडे असे. हवा अरुंद गळ्यांतून ओढली गेली कीं तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. दाब उतरला कीं शेजारच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून आपोआप वर येऊन तुषारांच्या रूपानें हवेंत मिसळतें. अत्तर उडविण्याच्या फवाऱ्याचें तत्त्वहि हेंच. थंडीच्या दिवसांत पहांटे एंजिन लवकर सुरू होत नसे, कारण गार पेट्रोलाची वाफ नीट होत नाहीं. तेव्हां चोकची कळ ओढून हवा कमी करावयाची व मिश्रण दाट करावयाचें. एंजिन तापलें कीं कळ परत आंत ढकलावयाची. हा निर्णय गाडीचा नसून चालविणाराचा असे.

ठिणगीची व्यवस्थाहि अशीच उघडी होती. विजेचा प्रवाह जोडणारे व तोडणारे दोन लहानसे धातूचे पॉइंट एंजिनाच्या गतीबरोबर मिटत व उघडत. ते उघडले कीं कॉइलमध्यें हजारों व्होल्टचा दाब उत्पन्न होई, आणि डिस्ट्रिब्यूटर तो क्रमाक्रमानें चारी प्लगांकडे पोंचवी. एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर अशा ठिणग्या मिनिटास ६०००, म्हणजे सेकंदास १०० पडतात. इतक्या वेळां उघडझांप करणारे पॉइंट झिजणार व काळे पडणार, हें ओघानेंच आलें. मग एंजिन अडखळूं लागे, चढावर दम टाकी. मिस्त्री ते पॉइंट पॉलिश कागदानें घांसून स्वच्छ करी, त्यांमधील फट पातळ पट्टी घालून पुन्हां नेमकी करी, आणि थोड्याच वेळांत गाडी पूर्ववत् चालूं लागे. बिघाड डोळ्यांना दिसे, दुरुस्तीहि दिसे, आणि दोहोंमधील कार्यकारणभाव शेजारीं उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलालाहि कळे.

असें असतां ही सोपी व्यवस्था टाकून कां दिली? केवळ हौसेनें किंवा कारखानदारांच्या लोभानें नव्हे. १ भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटर हें प्रमाण अदमासानें सांभाळी. चढ-उतार, थंडी-ऊन यांप्रमाणें तें ढळे, आणि न जळलेलें पेट्रोल व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु मागच्या नळींतून बाहेर पडे. शहरांत गाड्या वाढल्या, तसा हा धूर लोकांच्या फुप्फुसांत जाऊं लागला. त्यावर उपाय म्हणून धुराच्या नळींत 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' बसविण्यांत आला. तो विषारी वायूंचें रूपांतर करतो, पण दोन अटींवर: पेट्रोलांत शिसें असतां कामा नये, आणि हवेचें प्रमाण काटेकोर राहिलें पाहिजे. पहिल्या अटीसाठीं १९९५ सालीं चार महानगरांत आणि २००० सालीं सर्व देशांत शिसें नसलेलें पेट्रोल आलें. दुसऱ्या अटीसाठीं कार्ब्युरेटरला रजा मिळाली. त्याच्या जागीं धुरांतील प्राणवायु मोजणारा सेन्सर, तें माप वाचणारा संगणक आणि त्याच्या हुकमानें मोजकें पेट्रोल सोडणारी यंत्रणा, असें त्रिकूट आलें. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले 'भारत स्टेज ६' चे नियम कार्ब्युरेटरच्या मोटारीला पाळतां येणें शक्य नाहीं.

सुरक्षिततेची गोष्ट तर याहूनहि स्पष्ट आहे. 'जुन्या गाडीचा पत्रा जाड, नवीचा कागदासारखा' असें नेहमीं ऐकूं येतें. याची परीक्षा २००९ सालीं अमेरिकेंतील विमा कंपन्यांच्या मार्गसुरक्षा संस्थेनें घेतली. १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर व २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशीं सुमारें ६४ किलोमीटर वेगानें समोरासमोर आदळविण्यांत आल्या. जाड पत्र्याच्या जुन्या गाडींत बसण्याची जागाच चेंगरून गेली. चालकाच्या आसनावर ठेवलेल्या पुतळ्याच्या जागीं मनुष्य असता तर तो बहुधा वांचला नसता. नव्या गाडीचें नाक चुरलें, आंतील पुतळा मात्र पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावला. याचें कारण असें कीं, नव्या गाडीचें नाक मुद्दाम चुरण्यासाठींच केलेलें असतें. धक्का तेथें जिरतो आणि माणसांची जागा शाबूत राहते. तीन ठिकाणीं अडकणारा आसनाचा पट्टा व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन या एंजिनियरानें १९५९ सालींच सिद्ध केला होता. परंतु भारतांत नव्या गाडीच्या पुढील आसनांना पट्टे देणें १९९४ सालीं बंधनकारक झालें. म्हणजे ज्या काळाची आठवण गोड वाटते, त्या काळीं पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाला अपघातांत वांचवील असें गाडींत कांहींहि नव्हतें.

मग जुन्या मोटारीची ओढ ही निव्वळ भ्रांति समजावी काय? तसेंहि नाहीं. ओढ लावण्याजोगा एक गुण तिच्यांत खरोखरच होता; पण तो वेगाचा, सोयीचा किंवा मजबुतीचा नव्हता. ती गाडी समजत असे. मालक आणि वस्तु यांमधील नातें केवळ पैशाचें नसून ज्ञानाचें होतें. आज डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागतो. तो कां लागला हें मालकास उमगत नाहीं, आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीपाशीं तें वाचण्याचें साधन असेलच असें नाहीं. मग गाडी कंपनीच्या दुकानीं न्यावयाची, सांगतील तो भाग बदलावयाचा व मागतील तें बिल द्यावयाचें. ज्या मिस्त्रीनें तीस वर्षें कानानें रोग ओळखले, त्याची विद्या त्याच्या हयातींतच निरुपयोगी ठरते. ही हानि खरी आहे, आणि तिचें दुःख मानणें म्हणजे प्रगतीला विरोध करणें नव्हे.

परंतु ही हानि नव्या यंत्राच्या स्वभावांतच आहे असें मात्र समजूं नये. संगणक आपण होऊन मुका नसतो. तो मुका ठेवला जातो. १९९६ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत एकाच मापाचें सॉकेट सक्तीचें झालें. त्यास लहानसें यंत्र जोडलें कीं संगणकानें नोंदलेला दोष आंकड्यांच्या खुणेनें कोणासहि वाचतां येतो. भारतांतील नव्या गाड्यांतहि असें सॉकेट असतें. २०१२ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं, दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मिस्त्रींनाहि मिळावी, अशा कायद्याच्या बाजूनें कौल दिला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें 'दुरुस्तीचा हक्क' हा विषय २०२२ सालीं हातीं घेतला, त्यांत मोटारींचाहि समावेश आहे. यंत्र गुंतागुंतीचें असूनहि उघडें ठेवतां येतें, हें यावरून दिसून येईल.

पद्मिनीला परत आणणें शक्य नाहीं आणि इष्टहि नाहीं. शहराची हवा व प्रवाशांचे प्राण हे आठवणीपेक्षां मोलाचे आहेत. पण नवी गाडी घेतांना तिचा रंग व वेग विचारणाऱ्या गृहस्थानें आणखी दोन प्रश्न विचारावेत: तिचे दोष आपणांस वाचतां येतील काय, आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला ती दुरुस्त करतां येईल काय? आणि सुट्टीच्या दिवशीं मुलांना जवळ बोलावून, बॉनेट उघडून, कोणता भाग काय करतो तें त्यांना सांगावें. दुरुस्ती हातून झाली नाहीं तरी ओळख राहते. जुन्या मोटारीनें घराघरांतून जें दिलें तें एवढेंच होतें. तेवढें नव्या मोटारीपासूनहि घेतां येण्यासारखें आहे.