मुसीकाठचे गवत आणि गोठ्यातील म्हैस

हैदराबाद ओलांडून मुसी नदी पूर्वेस निघाली, की तिच्या काठी ठिकठिकाणी पॅरा गवताची हिरवीगार शेते लागतात. शहराच्या सांडपाण्यावर हे गवत बारमाही वाढते. त्याचे भारे शहरातील म्हशींच्या गोठ्यांत जातात आणि गोठ्यांतील शेणमूत गटारांवाटे पुन्हा नदीकडे वाहते. गुरांचा एक जुना वैरी नेमक्या अशाच फेऱ्यावर जगतो.

तो म्हणजे यकृतातील पर्णकृमी. पानासारखा चपटा, एक ते तीन इंच लांबीचा हा जीव म्हशीच्या पित्तनलिकांत वस्ती करतो. त्याची अंडी शेणाबरोबर बाहेर पडतात. शेण कोरड्या जमिनीवर वाळले तर ती मरतात. पाण्यात पडले तर उष्ण हवेत दोन-तीन आठवड्यांत त्यांतून पोहणारे सूक्ष्म पिल्लू निघते. त्याने एका दिवसाच्या आत पाण्यातील विशिष्ट जातीची गोगलगाय गाठली पाहिजे, नाही तर त्याचा अंत ठरलेला. संथ, उथळ पाण्यात ही गोगलगाय रमते. तिच्या देहात एकाचे शेकडो होतात, आणि ते बाहेर पडून पाण्यालगतच्या गवताच्या काड्यांना चिकटून स्वतःभोवती कवच करतात. ते गवत म्हशीने खाल्ले, की फेरा पुरा झाला. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत हिवतापाच्या जंतूचा डासातील मुक्काम शोधला, हे सर्वश्रुत आहे. गोगलगायीचे हे कारस्थान त्याआधीच, १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, युरोपात मेंढ्यांच्या रोगाचा माग काढताना उघड झाले होते.

म्हैस सहसा चटकन मरत नाही, म्हणूनच रोग लपून राहतो. ती रोडावते, तिचे रक्त कमी होते, दूध घटते, कधी जबड्याखाली पाणी साठून सूज येते. गवळी दोष देतो तो पेंडीला! दुधावाटे हा कृमी माणसास होत नाही. अशा पाण्यातील भाजी कच्ची खाल्ली, तर मात्र होऊ शकतो.

औषधे आहेत, ती गुणकारीही आहेत. परंतु औषध पाजलेल्या म्हशीपुढे पुन्हा तसाच ओला भारा पडला, तर काही महिन्यांत तिच्या शेणातून अंडी पडू लागतात. यास्तव गवत पाण्याच्या पातळीपासून वीतभर वर कापावे आणि उन्हात चांगले वाळवून घालावे. शेण गटारात न लोटता खड्ड्यात रचावे. कुजताना ढिगात चढणारी उष्णता अंड्यांचा नाश करते. दाट वस्तीतील गोठ्यास खड्ड्यापुरती जागा कोठून मिळावी, हा प्रश्न एकट्या गवळ्याच्या हातचा नव्हे. निदान शेण उचलून घेतल्यावरच गोठा धुतला, तरी नदीत जाणारा त्याचा मोठा वाटा थांबतो.