झिंगे, साय आणि अर्धा तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवी माणूस. माझ्याकडून पावसाबद्दल किंवा धानाच्या बांध्यांबद्दल काही ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असेल. आज मात्र मी स्वयंपाकाबद्दल बोलणार आहे, आणि तेही पास्त्याबद्दल. हसू आलं तर खुशाल हसा. आमच्या मोहल्ल्यातही आधी सगळे हसलेच होते.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीचा. आमच्या शेजारीच अर्जुनी मोरगाव हा दुसरा तालुका आहे. दोन अर्जुन्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून मुंबई-कोलकाता रस्त्यावरच्या आमच्या अर्जुनीला ‘सडक’ हा शब्द चिकटला. गावात माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं लहानसं दुकान आहे. बी.ए. झालो, चाळीस वर्षं मराठीत कविता लिहिल्या. पण पन्नाशी उलटून गेली तरी मी साधा चहा कधी केला नव्हता. बायको होती, ती करत होती. ती का करते आणि मी का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. कवितेत मात्र मी बाईच्या कष्टांबद्दल पुष्कळ लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगी साकोलीच्या एका शाळेत शिकवायची. संध्याकाळी सातच्या सुमारास एसटीतून उतरून घरी यायची आणि खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवून थेट ओट्यापाशी उभी राहायची. मी दुकान बंद करून येईपर्यंत वरण-भात तयार असायचा. जेवताना आम्ही दोघंही फारसं बोलत नसू. मार्च महिन्यात एक दिवस तिच्या वहीतून एक पत्र खाली पडलं. नागपूरच्या एका शाळेने तिला जूनपासून बोलावलं होतं. पगार जवळजवळ दुप्पट. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “अब्बा, तुम्हाला चहासुद्धा येत नाही. मी गेले तर तुम्ही खाल काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलीची वाट माझ्या आळसाने अडवली होती. जूनला तीन महिने होते. दुसऱ्या दिवशी मी कुकर लावला आणि भात करपवला.

वरण-भात पंधरा दिवसांत जमला. भाजी महिन्याभरात. पण पोरीची खात्री पटेना. तेव्हा मी विचारलं, “तुला होस्टेलवर असताना काय आवडायचं?” ती म्हणाली, “पास्ता. पांढऱ्या रश्श्यातला. झिंगे घातलेला एकदाच खाल्ला होता.” मी मनात म्हटलं, झिंगे तर आपल्या तलावातच आहेत.

हा पास्ता नावाचा प्रकार काही फार परका नाही, श्रोतेहो. रमजान ईदच्या शेवया म्हणजे दुसरं काय? विदर्भात आमरसाबरोबर खायचे, काडीवर गुंडाळून केलेले सरगुंडे, रुखवतात मांडायचे नखुले, बोटवे, मालत्या, उकळत्या वरणात सोडलेली फळं, ही सगळी त्याच कुळातली मंडळी. मार्को पोलोने शेवया चीनमधून इटलीत नेल्या, असं आपण ऐकतो. तो परत आला १२९५ साली. त्याच्या कितीतरी आधी, ११५४ साली, अल् इद्रिसी नावाच्या मुसलमान भूगोलकाराने सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्यासाठी जगाच्या भूगोलाचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी ‘इत्रिया’ म्हणजे वाळवलेल्या शेवया मोठ्या प्रमाणावर होतात आणि जहाजांतून मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जातात, अशी नोंद आहे. खाण्याचे पदार्थ असे न विचारता सरहद्दी ओलांडतात.

आता झिंगे. आमचा मुलूख तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी शेतकऱ्यांनी धानासाठी बांधलेले तलाव आणि शेताकाठच्या बोड्या आजही आमच्या भागाला पाणी देतात. नवेगावबांधचा तलाव त्यांतलाच. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मासेमारी ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे आली. पुढे बेशरमीच्या झाडोऱ्याने काठ व्यापले, पाणवनस्पती कमी झाल्या आणि देशी मासळीला अंडी घालायला, लपायला जागा उरली नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी ढीवरांच्या जुन्या माहितीचा अभ्यास केला. ढीवर बायाबापड्यांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम काही तलावांवर केलं. आपल्या ताटात झिंगा येतो त्याच्या मागे कुणाचे तरी हात कमरेएवढ्या चिखलात असतात, म्हणून हे सांगितलं.

बाजारात ढीवर बाया पानावर झिंग्यांचे वाटे मांडून बसतात. पहिल्या दिवशी मी नुसताच उभा राहिलो. मावशी म्हणाली, “का पाहता जी भाऊ? वास घेऊन पाहा ना.” मी वास घेतला. ताज्या झिंग्याला पाण्याचा वास येतो. अमोनियाचा, म्हणजे नाकात झणझणणारा वास आला तर घ्यायचा नाही. कवच चकचकीत हवं, डोकं घट्ट हवं. डोकं लोंबत असेल, काळं पडलं असेल, तर झिंगा शिळा. दोन माणसांना पाव किलोचा वाटा पुरतो.

तलावातल्या मासळीला कधी कधी मातकट वास येतो. तो ‘जिओस्मिन’ नावाच्या द्रव्याचा. पाण्यातले आणि चिखलातले सूक्ष्म जीव ते तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, त्यातही हेच द्रव्य असतं. मी ज्या वासावर निदान दहा कविता लिहिल्या, तोच ताटात आला की आपण नाक मुरडतो! आंबटाने हा वास कमी होतो. म्हणून झिंगे सोलून, पाठीवरचा काळा दोरा काढून, हळद, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून दहा मिनिटं ठेवायचे आणि धुवायचे. आमच्या घरी चिंचेचं पाणी लावत. बायको ते का लावते, हे मला ती गेल्यावर कळलं.

डोकी आणि कवचं फेकू नका. धुऊन, दोन कप पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळून घ्या. सगळी चव त्या पाण्यात असते.

पुढची कामं क्रमाने केली तर अर्धा तास लागतो. क्रम चुकला की तासही पुरत नाही. आधी दोन लिटर पाणी आणि एक मोठा चमचा मीठ मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवा. पास्ता आतून खारट होतो तो याच वेळी. मागाहून मीठ घातलं तर ते बाहेरच राहतं. दोन माणसांना दोनशे ग्रॅम कोरडा पास्ता घ्या. किराणा दुकानातली सुटी मॅकरोनी बहुधा मैद्याची असते, ती लवकर गाळ होते. पुडीवर ड्युरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं असेल तर ती घ्या. आपण बन्सी म्हणतो तो हाच कडक गहू. त्यातली प्रथिनं पिठूळपणा धरून ठेवतात, म्हणून तुकडा शिजूनही अखंड राहतो. पुडीवर दिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी पास्ता काढायचा आणि काढण्याआधी वाटीभर पाणी बाजूला ठेवायचं. मी पहिल्यांदा ते पाणी मोरीत ओतलं आणि पुढे रस्सा एकजीव होईना.

पास्ता शिजतोय तोवर कढईत चमचाभर तेल आणि थोडं लोणी तापवा. झिंगे एका थरात टाका. एका बाजूने मिनिटभर, दुसऱ्या बाजूने मिनिटभर. झिंगे मोठे असतील तर थोडं जास्त. करडा झिंगा केशरी होतो, कारण त्याचा लाल रंग कच्चेपणी एका प्रथिनाला बांधलेला असतो आणि उष्णतेने तो मोकळा होतो. मांस आरपार पांढरं दिसलं आणि आकार मराठी ‘८’ च्या वरच्या वळणासारखा सैल वाकला की काढून घ्या. पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे तंतू आकसून पाणी निघून गेलं. मग तो रबर. पण कच्चाही ठेवू नका, गोड्या पाण्यातली मासळी नीट शिजायलाच हवी. आणि कुणाला झिंग्याने अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, तर त्याला आग्रह करू नका.

त्याच कढईत सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, एक बारीक कांदा आणि भिवापुरी मिरचीचे दोन तुकडे परता. कवचांचं पाणी घालून निम्मं आटू द्या. आता साय. आमच्याकडे डब्यातलं क्रीम नेहमी मिळत नाही, आणि त्याची गरजही नाही. चार मोठे चमचे ताजी साय पाव कप दुधात चमच्याने घोटून गुठळ्या मोडा. गॅस अगदी मंद करून ती घाला. आच मोठी असली किंवा आंबट आधी पडलं, तर दुधातलं प्रथिन गोळा होतं आणि रस्सा फाटतो. माझा दोनदा फाटला. लगेच पास्ता आणि त्याचं अर्धी वाटी पाणी घालून दोन मिनिटं हलवत राहा. त्या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो. तो स्निग्धांश आणि पाणी यांना एकत्र धरतो. रस्सा चमच्याच्या पाठीला चिकटून राहिला की झिंगे परत घाला, मिरपूड घाला, गॅस बंद करा. मग लिंबाचे चार थेंब आणि वरून सांबार. पश्चिम महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

आता आपल्यापैकी निम्म्यांच्या मनात एकच शंका असेल: मासळी आणि दूध? माझी अम्मी म्हणायची, “कोड उठेल.” चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितला आहे. हिंदू घरात आणि मुसलमान घरात सारखीच भीती. या बाबतीत आमची एकी जुनी आहे. कोड उठतं ते शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच रंगपेशींवर उलटते म्हणून. मासळी-दुधाशी त्याचा संबंध आढळलेला नाही. गंमत म्हणजे इटलीतही जुन्या वळणाचे लोक मासळीच्या पास्त्यावर चीज घालत नाहीत. ज्यांचं मन होत नाही त्यांनी सायीऐवजी नारळाचं दूध घ्यावं. पदार्थ वेगळा होतो, पण चांगला होतो. आमच्यात आणखी एक वाद आहे. हनफी पंथातले काही आलिम झिंग्याला मासळी मानत नाहीत आणि तो टाळावा म्हणतात. बाकीचे मानतात आणि खातात. ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. माझ्या बायकोने कुणाला न विचारता आयुष्यभर झिंगे रांधले.

मे महिन्यातली एक बुधवारची रात्र. मुलगी सव्वासातला आली. दमलेली होती. मी म्हटलं, “हात-पाय धुऊन ये.” ती ओट्याकडे वळली, तर तिथे पातेलं उकळत होतं. ती दारातच बसली आणि मला पाहत राहिली. मी पुडीवरची वेळ मोजत होतो, त्यामुळे तिच्याशी बोलू शकलो नाही. आम्ही आठच्या आत जेवायला बसलो. पहिला घास खाऊन ती म्हणाली, “मीठ कमी आहे.” दुसरा घास खाल्ला आणि म्हणाली, “अम्मी असती तर तिने चिंच लावली असती.” मग आम्ही दोघं तिच्या अम्मीबद्दल बोललो. वर्षभरात पहिल्यांदाच. पातेलं रिकामं झालं, तरी आम्ही उष्ट्या हातांनी बसून होतो.

जूनमध्ये ती नागपूरला गेली. आता तिचा संध्याकाळी फोन येतो. पहिला प्रश्न असतो, “आज काय केलंत?” आणि मला काहीतरी सांगता येतं. बुधवारी मावशी विचारते, “एकाच माणसाचा वाटा देऊ का जी भाऊ?” मी दोघांचा घेतो. शेजारच्या घरातला एक विद्यार्थी माझ्याकडे मराठी व्याकरण शिकायला येतो. तो झिंगे सोलतो आणि मी त्याला समास समजावून सांगतो. पुढच्या बुधवारी कढई त्याच्या हातात देणार आहे. त्याचं वय चौदा आहे. माझ्यासारखी पन्नाशी उलटेपर्यंत त्याने थांबू नये.