दुय्यम भूमिकांतील मोठा माणूस

चित्रपटाच्या जाहिरातीत नायक-नायिकांची नावे ठळक अक्षरांत झळकतात; परंतु ज्यांच्या आधारावर कथा उभी असते, त्या चरित्र-अभिनेत्यांची आठवण कोण ठेवतो? आणि वय झाले, काम मिळेनासे झाले, म्हणजे त्यांनी जावे कोठे? हॉलिवूडमध्ये या प्रश्नाचा भार ज्यांनी आपल्या शिरावर घेतला, ते स्वतः परदेशातून आलेले चरित्र-अभिनेतेच होते. त्यांचे नाव जीन हर्शोल्ट.

१८८६ साली कोपनहेगन येथे जन्मलेले हे डॅनिश नट १९१३ च्या सुमारास अमेरिकेस गेले. तो मूकपटांचा काळ होता. पडद्यावर शब्दच उमटत नसल्यामुळे परक्या उच्चारांची अडचण नव्हती. एरिक फॉन स्ट्रोहाइम यांच्या ‘ग्रीड’ (१९२४) मध्ये पैशाच्या लोभाने मित्राचा वैरी बनणारा मार्कस त्यांनी रंगविला.

पुढे बोलपट आला आणि कित्येक परदेशी नटांचे दिवस फिरले. हर्शोल्ट यांच्या इंग्रजीलाही मायदेशाचे वळण होते. तथापि प्रेमळ डॉक्टर, कनवाळू म्हातारा अशा भूमिकांत तेच वळण शोभून दिसले. ‘हायडी’ (१९३७) मधील शर्ली टेंपलचे आजोबा तेच. त्याच वर्षी ‘डॉक्टर ख्रिश्चन’ ही त्यांची नभोनाट्यमाला सुरू झाली, ती १९५४ पर्यंत चालली. त्या डॉक्टरचे नाव त्यांनी आपले देशबांधव हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्यावरून घेतले होते.

हा लौकिक त्यांनी सहव्यावसायिकांच्या कारणी लावला. गरजू कलावंतांसाठी १९२१ मध्ये स्थापन झालेल्या साहाय्यनिधीचे ते अध्यक्ष झाले. १९३९ पासून ‘स्क्रीन गिल्ड’ या नभोवाणी कार्यक्रमात नामवंत तारे बिदागी न घेता काम करीत आणि ती रक्कम या निधीस मिळे. तिच्यातून लॉस एंजेलिसजवळील वुडलँड हिल्स येथे, हर्शोल्ट यांनी शोधलेल्या ४८ एकर जागेवर, १९४२ मध्ये वृद्ध कलावंतांचे निवासस्थान उभे राहिले. तेथे नायकाला जेवढी जागा, तेवढीच पडद्यामागील कामगारालाही.

आपल्याकडे इंदूर, बडोदे येथील राजाश्रय पुष्कळ कलावंतांना लाभला. पण आश्रय दात्याच्या मर्जीवर असतो. हर्शोल्ट यांनी बळकट केलेली व्यवस्था कमावत्यांनी थकलेल्यांसाठी उभारलेली होती. म्हणूनच १९५६ साली ते निवर्तले तरी ती चालू राहिली. त्याच वर्षी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांच्या नावाचा मानवसेवा पुरस्कार सुरू केला. तो अभिनयासाठी नाही, माणुसकीसाठी आहे.