फ्लुएंटव्हॅलिडेशन : माहितीच्या वैधता-पडताळणीची प्रवाही पद्धती

प्रस्तावना :
परीक्षा विभागात विद्यार्थ्यांचे गुण संगणकात भरले जातात, तेव्हा भरलेले मूल्य ग्राह्य आहे की नाही, हे आज्ञावली तपासते. या तपासणीस वैधता-पडताळणी असे म्हणतात. तिच्या अटी आज्ञावलीत ठिकठिकाणी विखुरलेल्या असल्यास नियम बदलताना एखादी अट जुनीच राहून जाते. यावरील एक उपाय म्हणजे डॉटनेटसाठी जेरेमी स्किनर यांनी विकसित केलेली 'फ्लुएंटव्हॅलिडेशन' ही मुक्तस्रोत लायब्ररी होय. प्रस्तुत लेखात तिची रचना व वापरातील दक्षता यांचे विवेचन केले आहे.

प्रवाही रचना :
'फ्लुएंट इंटरफेस' ही संज्ञा एरिक इव्हान्स व मार्टिन फाउलर यांनी २००५ मध्ये योजिली. एका क्रियेस दुसरी जोडत जाऊन आज्ञा वाक्यासारखी वाचता यावी, हा तिचा आशय. या लायब्ररीत पडताळणीचे नियम एका स्वतंत्र वर्गात एकत्र लिहिले जातात. 'रूलफॉर'ने क्षेत्र निवडावयाचे, 'इन्क्लुसिव्हबिटवीन'ने ० ते १०० ही मर्यादा घालावयाची आणि 'विथमेसेज'ने त्रुटीचा संदेश द्यावयाचा, असा क्रम असतो. सर्व क्षेत्रांतील त्रुटींची यादी एकत्रितपणे मिळते.

शब्द आणि अर्थ :
तथापि वाचण्यास सुलभ नियम अचूक असेलच असे नाही. 'नॉटएम्प्टी' म्हणजे 'रिक्त नसावे'. परंतु साध्या पूर्णांकाच्या बाबतीत ही अट ० हे मूल्यही रिक्तच समजते. परिणामी परीक्षेस बसून शून्य गुण मिळालेल्या विद्यार्थ्याची नोंद नाकारली जाते. काम पुढे सरकावे म्हणून त्यास अनुपस्थित दाखविल्यास संगणक ती नोंद स्वीकारील. नोंद मात्र असत्य ठरेल. यास्तव गुणांचे क्षेत्र 'नल' म्हणजे मूल्याचा अभावही स्वीकारणारे ठेवावे, अनुपस्थितीसाठी निराळे क्षेत्र योजावे आणि 'नॉटनल' ही अट 'व्हेन'च्या साह्याने केवळ उपस्थितांना लावावी.

दुसरे उदाहरण बैठक क्रमांकाचे. डॉटनेटच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'कोणताही अंक' दर्शविणारे चिन्ह देवनागरी अंकही मान्य करते. परंतु मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करणारी 'पार्स' ही क्रिया ते नाकारते. पडताळणीत उत्तीर्ण झालेला क्रमांक अशा रीतीने पुढे अडतो. म्हणून केवळ इंग्रजी अंक ग्राह्य धरावयाचे असल्यास नियमात तसे स्पष्ट लिहावे, अन्यथा देवनागरी अंकांचे आधी रूपांतर करावे.

समारोप :
नियम वापरात आणण्यापूर्वी -१, ०, १००, १०१ आणि रिक्त या मूल्यांनी त्याची चाचणी घेणे आवश्यक आहे. ५४ ऐवजी ४५ भरले गेल्यास कोणताही नियम ते अडविणार नाही. कारण मूल्य वैध असणे व सत्य असणे या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून मूळ उत्तरपत्रिकेशी गुण ताडून पाहण्याचे काम अध्यापकाकडेच राहते. 'शून्य', 'रिक्त' व 'अनुपस्थित' यांतील भेदही प्रथम त्यानेच स्पष्ट केला पाहिजे. तो आज्ञावलीत उतरविणे ही त्यानंतरची पायरी होय.