घास अडकण्याआधी ओळखा अन्ननलिकेतला धोका

छातीत जळजळ झाली की आपण काय करतो? थंड दूध पितो किंवा अँटासिडची गोळी घेतो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा एवढ्याने भागतंही. पण ही जळजळ वर्षानुवर्षं सुरू असेल किंवा घरात कुणाला तंबाखू, गुटखा, दारूची सवय असेल, तर अन्ननलिकेकडे दुर्लक्ष करू नका.

घसा आणि जठर यांना जोडणारी ही नळी साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि लवचिक असते. आत गाठ वाढू लागली तरी नळी ताणली जाते आणि घास खाली उतरत राहतो. घास अडकू लागतो, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. दिल्लीचं एम्स, एम्सचीच झज्जर इथली राष्ट्रीय कर्करोग संस्था, रोहिणीचं राजीव गांधी कॅन्सर इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी उपचारांसाठी दुरून लोक येतात. पण आपल्या देशात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण डॉक्टरांपर्यंत उशिराच पोहोचतात.

प्रकाशाची कमाल

कर्करोग एका रात्रीत होत नाही. आधी आतल्या अस्तराच्या पेशी बदलतात. एंडोस्कोपीच्या नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात हा भाग आजूबाजूच्या निरोगी अस्तरासारखाच दिसतो आणि नजरेतून सुटू शकतो.

इथे उपयोगी पडतं जपानमध्ये विकसित झालेलं नॅरो बँड इमेजिंग, म्हणजेच एनबीआय. यात फक्त निळा आणि हिरवा प्रकाश वापरतात. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या गडद आणि स्पष्ट दिसतात. पेशी बिघडलेल्या जागी या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या होतात आणि तो भाग तपकिरी दिसतो. दिल्ली, गुरुग्राम, नोएडाप्रमाणेच मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही ही सोय आहे.

दुसरी पद्धत आयोडीनची. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून रंग बदलताना तुम्ही पाहिलं असेल. निरोगी अस्तरात स्टार्चसारखंच ग्लायकोजेन असतं. त्यावर आयोडीन फवारलं की ते गडद तपकिरी होतं, बिघडलेला भाग मात्र फिकट राहतो. थायरॉइडचा त्रास किंवा आयोडीनची अॅलर्जी असेल, तर आधीच सांगा.

दोराला बांधलेली, गिळता येणारी कॅप्सूलही बोस्टनच्या संशोधकांनी २०१३ साली जगासमोर मांडली. ती प्रकाशाच्या मदतीने अस्तराच्या आतल्या थरांचं चित्र काढते. पण नेहमीच्या तपासणीत ती अजून आलेली नाही.

लक्षात ठेवा, प्रकाश फक्त संशयित जागा दाखवतो. निदान पक्कं होतं ते तिथला छोटा तुकडा काढून केलेल्या बायोप्सीने. बदल वेळीच सापडला तर अनेकदा तेवढाच भाग दुर्बिणीतून काढता येतो, मोठी शस्त्रक्रिया टळते.

कुणी डॉक्टरांशी बोलावं?

प्रत्येकाला एंडोस्कोपीची गरज नसते. पण पुढीलपैकी काही लागू होत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना जरूर भेटा.

- ५ वर्षांहून जास्त काळ वारंवार जळजळ, सोबत पन्नाशी ओलांडलेली, लठ्ठपणा किंवा धूम्रपान.
- तंबाखू आणि दारू दोन्हींचं व्यसन.
- पूर्वी तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झालेला असणं.
- रक्ताच्या नात्यात अन्ननलिकेचा कर्करोग.

घास अडकणं, विनाकारण वजन घटणं, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत असेल तर अजिबात थांबू नका.

तपासणी ठरली की विचारा, 'डॉक्टर, इथे एनबीआयची सोय आहे का? माझ्यासाठी ती गरजेची आहे का?' असं विचारण्यात संकोच कसला?

आणि हो, उकळता चहा घशाखाली ओतू नका. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली सांगितलं आहे. कप हातात घ्या, दोन गप्पा मारा, मग प्या.