सुट्टीतला कोर्स, नोकरीचा वेग

दहावीचा शेवटचा पेपर झाला, की संगणक केंद्रांबाहेर सायकलींची रांग लागते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा ‘एमएस-सीआयटी’ हा त्या सुट्टीतला ठरलेला कोर्स.

टायपिंगचं प्रकरण निराळं. सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. त्याची प्रमाणपत्र परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मोबाइलवर अंगठ्याने रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्या मुलांची खरी कसोटी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर लागते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या; ज्या कळीवर ‘क’, तिथेच शिफ्ट दाबून ‘ख’. रचना तशी शहाणी आहे, वर्णमालेच्या क्रमाला धरून.

जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडणारी कळ मात्र सुरुवातीला भल्याभल्यांना सापडत नाही.