कायद्याच्या उंबरठ्यावर (भाग सहावा) : वय, नाव आणि इंग्रजी

गेल्या आठवड्यात सीईटीच्या तयारीबद्दल लिहिलं, पण त्यावर आलेली पत्रं बहुतेक सगळी परीक्षेबाहेरची निघाली. "वय एक्केचाळीस आहे, आता प्रवेश मिळेल का?" "बारावी मराठीतून, बी.ए.सुद्धा मराठीतूनच झालं, वकिली जमेल का?" "लग्नानंतर नाव बदललं, फॉर्म कोणत्या नावानं भरू?" एका मुलानं तर एकच ओळ लिहिली होती : "आमच्या घरात कोणीच वकील नाही." प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. म्हणून कायदेविषयक कल या विषयावरचा भाग पुढे ढकलते आणि आज या पत्रांनाच उत्तरं देते. तालुक्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं काढल्यावर एक मात्र खात्रीनं सांगते. ज्या गोष्टींची भीती वाटते त्या बहुधा अडवत नाहीत, आणि जिथे खरोखर वर्ष वाया जातं तिकडे कोणाचं लक्षच नसतं.

वयाचा प्रश्न आधी संपवू. राज्याच्या विधी सीईटीला कमाल वयाची अट नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटलाही नाही. गोंधळ झाला तो बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांमुळे. त्यात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीस वर्षं अशी मर्यादा होती. मध्यंतरी ती उठली, २०१६ मध्ये कौन्सिलनं पुन्हा आणली आणि २०१७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. त्यामुळे कोणाचा तरी चुलतभाऊ "तिशीनंतर घेत नाहीत" असं सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, जुनी माहिती देत असतो.

पण एक्केचाळीस वर्षांच्या ज्या ताईंनी वयाचं विचारलं, त्या नोकरी करतात. त्यांनी विचारायला हवा तो प्रश्न हजेरीचा. एलएल.बी. बाहेरून, पत्राद्वारे किंवा ऑनलाइन करता येत नाही. तशी पदवी कोणी देऊ केली तर त्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी हा बार कौन्सिलचा नियम आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कौन्सिलनं महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी ठेवायला सांगितली, आणि विद्यार्थी नोकरीत असेल तर तसं जाहीर करून मालकाचं ना हरकत पत्र द्यावं, असंही सांगितलं. त्यामुळे ताई, आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि कॉलेजचं वेळापत्रक हातात घेऊन बघा. सकाळच्या तासांचं कॉलेज असेल तर कदाचित बसेल. आणखी एक. पगारी पूर्णवेळ नोकरी चालू असताना सनद घेऊन वकिली करता येत नाही. पदवी घेता येईल, कोट मात्र नोकरी सोडल्यावर किंवा निवृत्तीनंतर.

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांची तीन पत्रं आहेत. दहावी, मग बारावी आणि त्यानंतर मुक्त विद्यापीठाची पदवी अशी पायरी असेल तर काळजी नको. बारावी न करता थेट पूर्वतयारी परीक्षा देऊन जे पदवीला बसले, त्यांना मात्र कौन्सिलचे नियम प्रवेश देत नाहीत. हा नियम मला कठोर वाटतो. घरची परिस्थिती, लवकर झालेलं लग्न, शेतातलं काम यामुळे बारावी सुटलेल्या कितीतरी बायका त्या वाटेनं पदवीपर्यंत पोचल्या आहेत. पण नियम आज आहे तो असा आहे, आणि फी भरायच्या आधी तो कळलेला बरा. गुणांची अट तीन वर्षांसाठी पदवीला आणि पाच वर्षांसाठी बारावीला ४५ टक्के आहे. इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०.

आता नावाबद्दल. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझं स्वतःचं एक वर्ष त्यात गेलं.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न झालं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, शेवटच्या वर्षाची सासरच्या नावाची. त्यातही सासरी पहिलं नावसुद्धा बदललेलं. तेव्हा सीईटी नव्हती, कॉलेजच्या खिडकीवरच प्रवेश व्हायचे. खिडकीतल्या गृहस्थांनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या, एकीवरून दुसरीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, या दोन वेगवेगळ्या बायका आहेत." मी प्रतिज्ञापत्र आणते म्हटलं, लग्नाची पत्रिका दाखवली. ते म्हणाले, राजपत्र आणा. हा शब्द मी पहिल्यांदा त्या खिडकीसमोर ऐकला. शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून यायला वेळ लागला, तोवर प्रवेश संपले होते. त्या राजपत्राचं पान अजून माझ्या फाइलमध्ये आहे. घड्यांवर फाटलंय, मागून चिकटपट्टी लावलीय.

आज हे सगळं ऑनलाइन आहे, पण दोन नावांची अडचण तीच आहे. फॉर्म गुणपत्रिकेवर जसं नाव आहे, अगदी त्याच स्पेलिंगनं भरा. बदललेल्या नावाचा एक जरी दाखला जोडणार असाल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आत्ताच काढून ठेवा. परीक्षेच्या दिवशी दारावर ओळखपत्र बघतात. हॉल तिकिटावर एक आणि आधारवर दुसरं नाव असेल तर त्या सकाळी तुम्हाला पेपर सोडवायच्या मनःस्थितीत राहता येणार नाही. आणि लग्न झालेल्या मुलींनो, जातीचा दाखला माहेरच्या कागदांवरच मिळतो. नॉन क्रिमीलेअरसाठी उत्पन्नही आईवडिलांचंच बघतात, नवऱ्याचं नाही. सासरच्या रेशनकार्डावर दाखला काढायला जाऊन सेतू केंद्रातून परत आलेल्या मुली मी दरवर्षी बघते.

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगी पारदर्शक फाइल घेऊन उभी होती. ई-स्क्रुटिनीत, म्हणजे कागदपत्रांच्या ऑनलाइन छाननीत, तिचा अर्ज परत आला होता. मी फाइल बघायला घेतली. जातीचा दाखला होता, पण नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपलेली आणि जात वैधता प्रमाणपत्राच्या जागी नुसती पडताळणी समितीची पोच. ती म्हणाली, "मॅडम, दाखला आहे म्हणजे झालं असं वाटलं." जात प्रमाणपत्र तहसील-प्रांताकडून येतं, वैधता पडताळणी समितीकडून. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर दोन्ही लागतात. वैधता नसेल तर तुमचा विचार खुल्या गटातून होतो. पोचपावतीवर मुदत मिळेल का, हे त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयावर असतं, त्याच्या भरवशावर वर्ष टांगून ठेवू नका.

समितीपुढे ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेत सापडतो. या मुलीच्या आजोबांचं नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये निघालं, निळ्या शाईत, जातीच्या रकान्यात अर्धं अक्षर वाळवीनं खाल्लेलं. मुख्याध्यापकांनी उतारा दिला, पण तिच्या हातात आठ दिवस होते आणि समितीला लागतात महिने. त्या वर्षी तिला खुल्या गटातून, घरापासून लांबचं कॉलेज घ्यावं लागलं. परीक्षेत ती कुठेही कमी पडली नव्हती. तुम्ही बारावीत किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर वैधतेचा अर्ज या महिन्यात करा, सीईटीच्या निकालानंतर नाही.

पर्सेंटाइलबद्दल थोडक्यात : ते टक्के नव्हेत. ८० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले साधारण ऐंशी तुमच्या मागे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. क्लॅटमध्ये मात्र पाव गुण जातो. सीईटीचा पेपर मराठीतही असतो, क्लॅट फक्त इंग्रजीत. पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथे तुम्ही नक्की जाणार आहात. पहिली पसंती मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. आणि शुल्क सवलत हवी असेल तर प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेवर ती मिळत नाही, हे अनेकांना फी भरल्यावर कळतं.

आता इंग्रजी. पत्रांच्या गठ्ठ्यात निम्मी पत्रं याचीच आहेत, आणि ती वाचताना मला माझ्या पहिल्या वर्षाची भीती आठवली.

सरळ सांगायचं तर राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. निवाडे इंग्रजीत असतात. इंग्रजी वाचता आलंच पाहिजे, यात पळवाट नाही. पण तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मराठी चालते. दावा, कैफियत, मनाईचा अर्ज, पुरसिस, रोजनामा, साक्षीदाराचा सरतपास आणि उलटतपास, सगळं मराठीत होतं. वाटणीच्या दाव्यात फेरफार कधी पडला, वहिवाट कोणाची, बांध कोणी फोडला, हे ज्याला सातबारा वाचता येतो त्यालाच नीट कळतं. इंग्रजी शाळेतून आलेले माझे काही ज्युनिअर पहिले सहा महिने सातबाऱ्यावरच्या 'पोटखराब' आणि 'इतर हक्क' या शब्दांशी झगडतात. तुम्ही ते लहानपणापासून घरात ऐकलेले असतात. पक्षकार स्टुलावर बसून आपली हकीगत सांगतो तेव्हा तुमचं हे मराठी भांडवल पहिल्या दिवसापासून कामाला येतं.

परीक्षेतली उत्तरंही राज्यातल्या अनेक विद्यापीठांत मराठीत लिहिता येतात. प्रवेशाआधी आपल्या विद्यापीठाचा नियम विचारून घ्या. माझा सल्ला मात्र असा की मराठीत लिहिलंत तरी कलमं इंग्रजीतून वाचा. मी दुसऱ्या वर्षी एक वही केली होती. डावीकडे इंग्रजी कलमातलं एक वाक्य, उजवीकडे माझ्या मराठीत त्याचा अर्थ, आणि खाली भाषा संचालनालयाच्या न्यायव्यवहार कोशातले शब्द. रोज एकच वाक्य. कायद्याचं इंग्रजी हे कथा-कादंबऱ्यांचं इंग्रजी नाही. त्यात तेच पाच-सहाशे शब्द फिरून फिरून येतात आणि वर्षभरात ते ओळखीचे होतात. तुम्हाला माझ्यापेक्षा एक सोय जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निवाडे आता मराठी अनुवादात संकेतस्थळावर मिळतात. दोन्ही समोर ठेवून वाचा.

जुनी पुस्तकं कोणाकडून मिळत असतील तर एवढं बघा : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. करार, मालमत्ता हस्तांतरण, हिंदू कायदा यांची सेकंडहँड पुस्तकं खुशाल घ्या, फौजदारीची नवीनच घ्या.

आणि ज्या मुलानं प्रश्नचिन्ह न देता ती एक ओळ लिहिली, त्याच्यासाठी. माझ्याही घरात कोणी वकील नव्हतं. पहिली तीन वर्षं कमाई फार थोडी असते. त्या दिवसांत ज्याच्या वडिलांचं ऑफिस तयार असतं, त्याला टेबल, खुर्ची आणि पक्षकार आयते मिळतात. हा फरक आहे आणि तो टोचतो. म्हणून शिकत असतानाच, तिसऱ्या वर्षाची वाट न बघता, दिवाणी कामं करणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे सुट्टीत बसायला सुरुवात कर. नकार आला तर दुसऱ्यांकडे जा. मी चौथ्या दारात थांबले. काही गोष्टी सोप्याही झाल्या आहेत. सनदेसाठी राज्यांच्या बार कौन्सिल हजारोंनी पैसे घेत असत. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोंदणीचं शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये याहून जास्त घेता येणार नाही. आपल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. अपिलासाठी मुंबईच्या रात्रीच्या गाडीत बसावं लागत नाही, आणि ज्युनिअरना उच्च न्यायालयाचं काम मुंबईत खोली न घेता बघता येतं. न्यायाधीश व्हायचं असेल तर मात्र हे लक्षात ठेव : २० मे २०२५ च्या निकालापासून कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा लागते. पदवी झाली की लगेच जेएमएफसीची, म्हणजे याच न्यायाधीशपदाची, परीक्षा हा हिशोब आता धरू नकोस. त्या तीन वर्षांचा खर्च कसा भागेल ते घरी आत्ताच बोलून घे.

पुढच्या आठवड्यात फी, शिष्यवृत्ती आणि महाडीबीटीचा अर्ज. तोवर प्रत्येकानं एक काम करा. दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचे कागद जमिनीवर ओळीनं मांडा आणि प्रत्येकावरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव मोठ्यानं वाचा. जिथे अडखळाल तो कागद बाजूला ठेवा आणि सोमवारी त्याच्यासाठी बाहेर पडा.